मोठी अक्षरे (इंग्रजी लेखन)

इंग्रजी लेखनातील मोठी अक्षरे, अर्थात कॅपिटल अक्षरे, म्हणजे रोमन वर्णमालेतील २६ अक्षरांची मोठ्या आकाराची रूपे होत. या वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला मोठे आणि लहान अशी दोन रूपे असतात. उच्चार दोन्हींचा एकच असतो. मात्र कोणते रूप कोठे वापरावे याचे नियम ठरलेले आहेत. वाक्याचा आरंभ दाखवणे आणि विशेषनाम ओळखू येणे ही मोठ्या अक्षराची दोन मुख्य कार्ये आहेत. शब्दाचे महत्त्व वाढवणे किंवा व्यक्तीविषयी आदर व्यक्त करणे हे त्याचे मूळ कार्य नव्हे.

देवनागरी लिपीत अक्षरांचा असा भेद नसल्याने मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे नियम स्वतंत्रपणे आत्मसात करावे लागतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे हा भेद मुलांना अगदी प्रारंभीच भेटतो. प्रस्तुत लेखातील बरीचशी उदाहरणे पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील नावांवरून घेतली आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत देऊन त्यांतील कोणते अक्षर मोठे वा लहान, हे शब्दांत सांगितले आहे.

संज्ञा

मराठी शाळांत इंग्रजी मुळाक्षरे ‘चार लिप्यां’च्या स्वरूपात शिकवण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. छापील मोठी अक्षरे ही पहिली लिपी आणि छापील लहान अक्षरे ही दुसरी लिपी. उरलेल्या दोन लिप्या म्हणजे हस्तलेखनाच्या वळणाची मोठी व लहान अक्षरे. वस्तुतः या चार स्वतंत्र लिप्या नसून एकाच रोमन लिपीची चार वळणे आहेत.

इंग्रजीत या दोन रूपांना ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ असेही म्हणतात. ही नावे खिळ्यांच्या छपाईतून आली. जुळारी आपल्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या ठेवत असे. वरच्या पेटीत मोठ्या अक्षरांचे खिळे असत आणि खालच्या पेटीत लहान अक्षरांचे.

इतिहास

प्राचीन रोमन शिलालेखांत केवळ मोठी अक्षरे आढळतात. लहान अक्षरांची वळणे पुढे हस्तलिखितांतून, जलद लिहिण्याच्या गरजेतून घडत गेली. आठव्या शतकाच्या अखेरीस सम्राट शार्लमेनच्या काळात युरोपात सुटसुटीत लहान अक्षरांची एक लेखनपद्धती प्रचारात आली. आजची छापील लहान अक्षरे त्याच परंपरेतील आहेत. कालांतराने एकाच मजकुरात दोन्ही रूपे नांदू लागली आणि आरंभाचे अक्षर मोठे काढण्याची रीत पडली.

सतराव्या व अठराव्या शतकांतील इंग्रजी छपाईत वाक्यामधील सामान्यनामांनाही मोठे अक्षर देण्याची प्रथा होती. अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीत ती स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही प्रथा ओसरत गेली आणि मोठे अक्षर विशेषनामापुरते मर्यादित झाले. जर्मन भाषेत मात्र सर्व नामांना आजही मोठे अक्षर देतात. डॅनिश भाषेने ही प्रथा १९४८ साली सोडली. तात्पर्य, हे नियम लिपीच्या स्वभावातून आपोआप उद्भवलेले नसून भाषाभाषांनी कालौघात ठरवलेले संकेत आहेत.

देवनागरी आणि अक्षरभेद

रोमन, ग्रीक, सिरिलिक आणि आर्मेनियन या लिप्यांत मोठ्या व लहान अक्षरांचा भेद आहे. देवनागरी, कन्नड, तेलुगू, तमिळ, अरबी आदी लिप्यांत तो नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी गद्याने इंग्रजीकडून पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आदी विरामचिन्हे स्वीकारली. या कामी मेजर टॉमस कँडी यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. मोठे अक्षर मात्र मराठीत येऊ शकले नाही. कारण चिन्ह उसने घेता येते, तरी सबंध वर्णमालेला दुसरे रूप देणे शक्य नव्हते.

मराठी मजकूर रोमन लिपीत छापला गेल्याची उदाहरणे मात्र जुनी आहेत. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. गोव्यातील रोमन लिपीतील कोंकणी लेखनात आजही मोठ्या अक्षरांचा वापर होतो.

अक्षरभेद नसल्यामुळे देवनागरीत विशेषनाम केवळ संदर्भावरून ओळखावे लागते. ‘सागर शांत आहे’ या वाक्यातील ‘सागर’ हा समुद्र की त्या नावाचा मुलगा, हे वाक्यावरून कळत नाही. हेच वाक्य इंग्रजीत नेताना अनुवादकाला निर्णय घ्यावाच लागतो. मुलाचे नाव असेल तर पहिले अक्षर मोठे होते; समुद्र असेल तर शब्दच बदलतो. मराठी मजकुरातील नावे संगणकाकरवी शोधण्याचे काम इंग्रजीच्या तुलनेने अवघड जाते, त्याचेही हे एक कारण आहे.

अक्षरांची वळणे

शिरूर आणि दौंड ही दोन नावे रोमन अक्षरांत लिहिली असता अक्षरभेदाचे दोन निराळे प्रकार दिसून येतात. शिरूरच्या आरंभीचे ‘एस’ मोठे असो वा लहान, त्याचा घाट एकच राहतो. फरक केवळ आकारमानाचा असतो. दौंडच्या आरंभीच्या ‘डी’चे तसे नाही. मोठ्या ‘डी’चे पोट उभ्या रेषेच्या उजवीकडे, तर लहान ‘डी’चे डावीकडे असते आणि उंचीने दोन्ही जवळजवळ सारखीच असतात. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड ही अक्षरे शिरूरच्या ‘एस’सारखी आहेत. हस्ताक्षरात त्यांच्या उंचीकडे दुर्लक्ष झाले तर अक्षर मोठे की लहान हे वाचणाऱ्याला कळत नाही.

चार रेघांच्या वहीचा उपयोग येथे होतो. मोठी अक्षरे वरच्या दोन घरांत बसतात. ‘ए’, ‘सी’, ‘एस’ यांसारखी लहान अक्षरे केवळ मधल्या घरात राहतात. लहान ‘जी’, ‘पी’, ‘वाय’ यांचे शेपूट खालच्या घरात उतरते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते, तर रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते. म्हणून मराठी विद्यार्थ्याला अक्षराची उंची तळापासून मोजण्याची सवय मुद्दाम लावावी लागते.

मुख्य नियम

वाक्यारंभ: प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते. अवतरणचिन्हांत दिलेल्या पूर्ण वाक्यालाही हाच नियम लागू होतो. अवतरण वाक्याचा तुकडाच असेल तर नाही. अपूर्णविरामानंतर ब्रिटिश लेखनात सामान्यतः लहान अक्षर येते. अमेरिकी लेखनात पुढे पूर्ण वाक्य असल्यास अनेकदा मोठे अक्षर देतात.

‘मी’ या अर्थाचे सर्वनाम: ‘आय’ हे एकाक्षरी सर्वनाम वाक्यात कोठेही आले तरी मोठेच लिहितात. ‘मला’, ‘माझा’ या अर्थांच्या शब्दांना ही सवलत नाही. त्यामुळे या मोठ्या अक्षराचा संबंध अहंकाराशी जोडणे योग्य नाही. हस्तलिखितांत एकट्या लहान ‘आय’ची रेघ नजरेतून निसटू नये म्हणून ते मोठे झाले असावे, असे सामान्यतः मानले जाते.

व्यक्तिनामे व पदव्या: नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव आणि आद्याक्षरे मोठ्या अक्षराने सुरू होतात. नावाला जोडून आलेली उपाधी मोठ्या अक्षराने लिहितात. ‘पंडिता रमाबाई’ या नावात ‘पंडिता’चे ‘पी’ मोठे असते. ‘एक विद्वान पंडिता’ अशा अर्थाने तोच शब्द आला तर लहान. तहसीलदार, मुख्याध्यापक, जिल्हाधिकारी या पदनामांबाबतही हेच तत्त्व आहे. नावाआधी पद आले तर मोठे अक्षर. पदाचा सर्वसाधारण उल्लेख असेल तर लहान.

नातेवाचक शब्द: आईला हाक मारताना किंवा तिच्या नावाच्या जागी ‘मदर’ हा शब्द आला तर मोठे अक्षर, ‘माय मदर’ असे म्हटले तर लहान. ‘माय’ हा शब्द आधी आला की ‘मदर’ हे सामान्यनाम ठरते.

स्थलनामे: गाव, तालुका, जिल्हा, नदी, डोंगर यांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात. नावाबरोबर आलेला जातिवाचक शब्दही मोठा होतो. ‘शिरूर तालुका’ या नावातील ‘टी’ मोठे. ‘पुणे जिल्ह्यातील एक तालुका’ या वाक्यातील लहान. या दृष्टीने घोड नदीचे उदाहरण बोलके आहे. नदीचे नाव इंग्रजीत ‘घोड रिव्हर’ असे दोन शब्दांत लिहिताना दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी असतात. तिच्या काठच्या शिरूर गावाला ‘घोडनदी’ असेही म्हणतात. गावाचे हे नाव एकसंध शब्द असल्याने त्यात आरंभीचे एकच अक्षर मोठे राहते, आतील ‘नदी’चे ‘एन’ लहान.

दिशा व प्रदेश: दौंड पुण्याच्या पूर्वेस आहे असे सांगताना ‘ईस्ट’ लहान अक्षराने सुरू होते. ‘वेस्टर्न महाराष्ट्र’ हे प्रदेशाचे रूढ नाव असल्याने त्यातील दोन्ही शब्दांना मोठे अक्षर देतात.

काल: वार, इंग्रजी महिने, चैत्र-वैशाखादी भारतीय महिने आणि दिवाळी, नाताळ, ईद आदी सण मोठ्या अक्षराने लिहितात. ऋतूंची नावे लहान अक्षराने लिहितात. म्हणून ‘मान्सून’ लहान, तर ‘जून’ मोठ्या अक्षराने. ऐतिहासिक घटनांची रूढ नावे विशेषनामे ठरतात. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईचा ‘बॅटल ऑफ कोरेगाव’ असा उल्लेख करताना ‘बॅटल’ व ‘कोरेगाव’ यांना मोठे अक्षर मिळते, ‘ऑफ’ला नाही.

भाषा व शालेय विषय: ‘मराठी’, ‘इंग्लिश’, ‘हिंदी’, ‘संस्कृत’ हे शब्द कोठेही मोठ्या अक्षरानेच सुरू होतात. गणित, इतिहास, भूगोल यांचे इंग्रजी पर्याय वाक्यात लहान अक्षराने येतात. विशिष्ट प्रश्नपत्रिकेचे वा अभ्यासक्रमाचे अधिकृत नाव असेल तरच ते मोठ्या अक्षराने लिहितात.

संस्था: संस्थेच्या पूर्ण नावातील प्रमुख शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात. राज्य राखीव पोलीस दलाचे गट दौंड येथे आहेत. या दलाचे पूर्ण इंग्रजी नाव लिहिताना ‘पोलीस’मधील ‘पी’ मोठे, तर ‘पोलीस आले’ अशा साध्या वाक्यात ते लहान. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रांच्या संदर्भात येणारे ‘एमआयडीसी’ हे आद्याक्षरी नाव सर्वच्या सर्व मोठ्या अक्षरांत लिहितात. रेल्वेस्थानकांची संकेताक्षरेही अशीच असतात. दौंडचे संकेताक्षर दोन मोठ्या ‘डीं’चे आहे.

पत्रलेखन: मायन्यातील ‘डिअर सर’ या दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी असतात. शेवटच्या ‘युअर्स फेथफुली’मध्ये मात्र केवळ पहिल्या शब्दाचे ‘वाय’ मोठे, ‘एफ’ लहान.

ग्रंथांची शीर्षके

पुस्तकाच्या शीर्षकात पहिला व शेवटचा शब्द आणि मधले सर्व महत्त्वाचे शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतात. उपपदे, लहान शब्दयोगी अव्यये आणि उभयान्वयी अव्यये लहान राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथाच्या नावात ‘ऑफ’ लहान असते, ते याच नियमाने.

ग्रंथालयांच्या सूचींत निराळी पद्धत आहे. तेथे शीर्षक साध्या वाक्याप्रमाणे लिहितात. दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई यांचा ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकाच्या पद्धतीने लिहिताना त्यातील पाचही घटकांना मोठे अक्षर मिळते. सूचीच्या पद्धतीने केवळ ‘द’ आणि ‘हिंदू’ यांना मिळते. पहिल्याला आरंभस्थानामुळे, दुसऱ्याला विशेषनामापासून आलेल्या शब्दाच्या स्वरूपामुळे. मोठ्या अक्षराची दोन्ही मुख्य कार्ये या एका ओळीत दिसतात.

रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले व ते केडगाव येथे छापले गेले. इंग्रजीतील अनेक धार्मिक ग्रंथांत ईश्वरासाठी आलेली सर्वनामे मोठ्या अक्षराने लिहितात. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये मात्र तशी रीत नाही. मराठी भाषांतरात हा प्रश्नच उद्भवत नाही.

विज्ञानातील वापर

विज्ञानात मोठ्या-लहान अक्षराच्या चुकीने अर्थ बदलतो. जीवशास्त्रीय नावात प्रजातीचे नाव मोठ्या अक्षराने आणि जातीचे लहान अक्षराने सुरू होते. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव ज्या पक्ष्यामुळे प्रसिद्ध आहे त्या मोराचे शास्त्रीय नाव ‘पावो क्रिस्टेटस’ असे आहे. त्यातील ‘पी’ मोठे व ‘सी’ लहान. उसाच्या ‘सॅकरम ऑफिसिनॅरम’ या नावातही पहिल्याच शब्दाला मोठे अक्षर आहे.

शास्त्रज्ञांच्या नावांवरून पडलेल्या एककांची पूर्ण नावे लहान अक्षराने, पण चिन्हे मोठ्या अक्षराने लिहितात. ‘वॉट’ हा शब्द लहान अक्षराने सुरू होतो आणि त्याचे चिन्ह मोठे ‘डब्ल्यू’ असते. म्हणून वीजबिलावरील किलोवॉट-तासाच्या चिन्हात ‘के’ लहान, ‘डब्ल्यू’ मोठे आणि ‘एच’ लहान असते. लहान ‘एम’ म्हणजे मिलि, अर्थात हजारावा भाग. मोठे ‘एम’ म्हणजे मेगा, अर्थात दहा लाख पट. साखर कारखान्याच्या वीजनिर्मितीची क्षमता लिहिताना मेगावॉटच्या जागी चुकून मिलिवॉटचे चिन्ह पडले तर मूल्य एक अब्ज पटीने घटते.

मराठी नावांचे रोमन लेखन

अनेकपदी ग्रामनामांतील प्रत्येक पद मोठ्या अक्षराने सुरू करतात. तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा, वढू बुद्रुक ही शिरूर तालुक्यातील नावे या प्रकारची आहेत. ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ हे शब्द मोठे-धाकटेपण सांगणारे असले तरी नावाचाच भाग असल्याने त्यांना लहान अक्षर देत नाहीत. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ यांनाही हेच लागू होते.

नावाचे स्पेलिंग बदलले तरी मोठ्या अक्षराचा नियम बदलत नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत शिरूरचे स्पेलिंग ‘एच’विना, तर दौंडचे ‘धोंड’ असे वाचता येईल अशा प्रकारे आढळते. तेथेही आरंभीचे अक्षर मोठेच आहे.

याला अपवाद संगणकीय लिप्यंतराचा. अविनाश चोपडे यांनी विकसित केलेल्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत मोठे अक्षर वेगळा ध्वनी दर्शवते. लहान ‘टी’ म्हणजे त, मोठे ‘टी’ म्हणजे ट. लहान ‘डी’ म्हणजे द, मोठे ‘डी’ म्हणजे ड. या पद्धतीत दौंडचे पहिले अक्षर सवयीने मोठे टंकले तर ‘डौंड’ उमटते आणि शिरूरचे ‘एस’ मोठे टंकले तर ‘षिरूर’. येथे विशेषनामाचा नियम बाजूला ठेवावा लागतो. २००१ सालच्या आयएसओ १५९१९ या प्रमाण पद्धतीत ध्वनिभेद अक्षराच्या वर-खाली दिलेल्या खुणांनी दाखवतात. त्यामुळे तेथे मोठे अक्षर नेहमीच्या कार्यासाठी मोकळे राहते.

सर्व अक्षरे मोठी

फलक, शिक्के, मथळे आणि अर्ज यांत संपूर्ण मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. स्थानकावरील नामफलकांवरही बहुधा हेच दिसते. अशा लेखनात विशेषनाम व सामान्यनाम यांतील भेद लोपतो. म्हणून फलक पाहून मोठ्या अक्षराचे नियम शिकता येत नाहीत. अर्जांवर मोठी सुटी अक्षरे मागण्याचा हेतू हस्ताक्षर निःसंदिग्ध व्हावे एवढाच असतो. संगणकीय परवलीच्या शब्दात मोठे व लहान अक्षर ही दोन भिन्न चिन्हे मानली जातात. संकेतस्थळाच्या मुख्य नावात हा फरक धरला जात नाही.

समूहनामे आणि अस्मिता

एखाद्या समाजाच्या नावाला मोठे अक्षर देणे म्हणजे त्याला विशेषनामाचा दर्जा देणे होय. म्हणून या प्रश्नावर सामाजिक चळवळीही झाल्या. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी रूढ असलेल्या ‘नीग्रो’ या शब्दाला मोठे अक्षर मिळावे यासाठी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी प्रयत्न केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९३० साली ही मागणी मान्य केली. ‘ब्लॅक’ या शब्दाला याच अर्थाने मोठे अक्षर देण्याचा निर्णय असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० साली घेतला. भारतीय इंग्रजी लेखनात ‘दलित’ हा शब्द बहुधा मोठ्या अक्षराने लिहितात.

भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठातील अनुच्छेद १५ (४) या संदर्भात लक्षणीय आहे. त्यात अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांचे इंग्रजी पर्याय मोठ्या अक्षरांनी, तर सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांचा उल्लेख लहान अक्षरांनी येतो. अनुसूचित जाती व जमाती या संविधानाने व्याख्या केलेल्या संज्ञा आहेत. दुसरा शब्दसमूह तेथे वर्णनपर आहे. हा भेद सन्मानाचा नसून व्याख्येचा आहे. मराठी पाठात तो अक्षरांवरून दिसत नाही.

मराठी भाषकांच्या नेहमीच्या चुका

- ‘मराठी’, ‘इंडियन’ हे शब्द वाक्याच्या मध्ये आले की लहान अक्षराने लिहिणे.
- शेतकरी, शिक्षक, शिक्षण यांसारख्या सामान्यनामांना महत्त्व देण्यासाठी मोठे अक्षर देणे. मराठीत आदर आदरार्थी बहुवचनाने व्यक्त होतो. इंग्रजीत त्याची भरपाई मोठ्या अक्षराने करण्याचा मोह टाळावा लागतो.
- स्वल्पविरामानंतर नवे वाक्य सुरू झाले असे समजून मोठे अक्षर काढणे.
- शब्दाच्या मध्येच मोठे अक्षर लिहिणे. हे विशेषतः ज्या अक्षरांची दोन्ही रूपे सारखी आहेत त्यांच्या बाबतीत घडते.
- किलोमीटरच्या चिन्हातील ‘के’ मोठे काढणे.

मतभेद व बदल

सर्वच नियम सर्वत्र एकसारखे नाहीत. ‘घोड व भीमा या नद्या’ असे एकत्रित लिहिताना ‘रिव्हर्स’ला मोठे अक्षर द्यावे की नाही, याबाबत लेखनपद्धतींत एकमत नाही. पदनामे व शीर्षके यांबाबतही प्रकाशनसंस्थांच्या पद्धती भिन्न आहेत. एकूण कल मोठी अक्षरे कमी करण्याकडे आहे. ‘इंटरनेट’ हा शब्द पूर्वी विशेषनाम मानून मोठ्या अक्षराने लिहीत. असोसिएटेड प्रेसने २०१६ साली तो लहान अक्षराने लिहिण्यास आरंभ केला. जेथे दोन पद्धती मान्य आहेत तेथे एक निवडून ती संपूर्ण लेखनात सातत्याने पाळणे, हे सर्व मार्गदर्शक ग्रंथांना मान्य असलेले तत्त्व आहे.

हे सुद्धा पहा

- रोमन लिपी
- देवनागरी
- विरामचिन्हे
- लिप्यंतर
- पंडिता रमाबाई
- शिरूर तालुका
- दौंड तालुका